किल्ली गेली की माल गेला

आमच्या कापड बाजारात एक जुनी पेढी आहे. सात-आठ वर्षांपूर्वी पेढीचे थोरले मालक अचानक वारले. तिजोरीची किल्ली ते नेहमी स्वतःजवळ ठेवीत. रात्री ती कुठे ठेवतात हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. तीन दिवस शोधाशोध झाली. शेवटी शहरातला तिजोऱ्या दुरुस्त करणारा एक वयस्कर कारागीर बोलावला. त्याने दोन तास खटपट करून तिजोरी उघडली, मजुरी घेतली आणि तो निघून गेला. आत रोकड, दागिने, उधारीच्या चिठ्ठ्या, सर्व काही जागच्या जागी होते.

त्याच घरातला एक तरुण आखातात नोकरीला होता. तिकडे त्याने पगारातून थोडे थोडे वाचवून बिटकॉइन घेतले. गावी परतून दोन यंत्रमाग टाकायचे, असा त्याचा बेत होता. गेल्या पावसाळ्यात त्याचा मोबाईल पाण्यात पडला आणि कायमचा बंद झाला. तो दुकानावर आला तेव्हा चेहरा पार उतरलेला होता. म्हणाला, "चाचा, तिजोरी उघडायला कारागीर मिळाला होता. या कुलपाचा कोणी कारागीर मिळेल का?"

त्याच्या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही बरीच विचारपूस केली, वाचन केले, जाणकारांशी बोललो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात आता कोणाकडे ना कोणाकडे हे आभासी चलन असते. मुलाकडे, भाच्याकडे, परदेशातल्या जावयाकडे. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. हा व्यवहार जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो या पानाचा विषय नाही. हे चलन घ्यावे असेही आम्ही सुचवीत नाही. पण ज्यांनी ते घेतलेच आहे, त्यांची मिळकत केवळ गफलतीमुळे बुडू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रक्कम मोबाईलमध्ये नसते

पहिला गैरसमज हा की बिटकॉइन मोबाईलमध्ये असतात. तसे नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी या चलनाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ पासून त्याचे खाते सुरू झाले. हे एक भले मोठे बहीखाते आहे आणि त्याच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर उघड्या आहेत. कोणत्या खात्यावर किती जमा आहे हे कोणीही पाहू शकतो. फक्त खात्यावर मालकाचे नाव नसते.

मग मालक कोण? ज्याच्याजवळ त्या खात्याचा गुप्त आकडा आहे तो. या आकड्याला प्रायव्हेट की म्हणतात. आपण तिला सरळ किल्ली म्हणू. पैसे दुसरीकडे पाठवण्याचा हुकूम या किल्लीनेच सही होतो. जो हुंडी घेऊन येईल त्याला रक्कम द्यावी, अशा तऱ्हेच्या हुंडीसारखा हा प्रकार आहे. पेढी तुमचा चेहरा ओळखत नाही, कागद ओळखते. फरक इतकाच की येथे पेढीवर मुनीम नाही, मालक नाही आणि तक्रार घेणारे कार्यालयही नाही.

ही किल्ली किती मोठी असते? एक नाणे २५६ वेळा उडवावे आणि प्रत्येक वेळी छापा की काटा ते लिहीत जावे. अशा जितक्या निरनिराळ्या याद्या होऊ शकतील, जवळजवळ तितक्या किल्ल्या शक्य आहेत. ही संख्या ७८ आकडी आहे. जगातले सगळे संगणक एकत्र करून अंदाजाने एक एक किल्ली लावत बसले तरी हाती काही लागणार नाही. तिजोरीच्या कारागिराला कुलपाचा खटका हाताला जाणवतो. येथे हाताला जाणवेल असे काहीच नाही.

एवढा मोठा आकडा माणसाला लिहिणे, सांभाळणे कठीण. म्हणून २०१३ मध्ये एक पद्धत ठरली. २०४८ सोप्या शब्दांची एक यादी केली गेली आणि तिच्यातले १२ किंवा २४ शब्द ठरावीक क्रमाने घेतले की त्यातून सर्व किल्ल्या पुन्हा तयार होतात. याला सीड फ्रेज म्हणतात. वॉलेट प्रथम उघडताना ते हे शब्द दाखवते आणि लिहून घ्या असे सांगते. बहुतेक तरुण येथेच घाई करतात आणि बटण दाबून पुढे जातात.

पासवर्ड वेगळा, पिन वेगळा, किल्ली वेगळी

या तीन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे पुष्कळांचे नुकसान होते. पिन किंवा पासवर्ड हे फक्त त्या मोबाईलचे, त्या संगणकाचे किंवा त्या यंत्राचे कुलूप होय. बारा शब्द म्हणजे खुद्द माल. पासवर्ड विसरला पण शब्द जपून ठेवले आहेत, तर काळजीचे कारण नाही. नव्या मोबाईलवर वॉलेट टाकून शब्द भरले की रक्कम पूर्वीसारखी दिसते. किल्ली ठेवण्यासाठी पेनड्राइव्हसारखी जी हार्डवेअर वॉलेटे मिळतात, त्यांचेही असेच. लेजर कंपनीच्या यंत्रात तीन वेळा चुकीचा पिन टाकला तर ते आतील सर्व पुसून टाकते. शब्द जवळ असतील तर तेच यंत्र पुन्हा भरता येते.

उलट, शब्द हरवले आणि पासवर्डही विसरला, तर मात्र मार्ग खुंटला. बँकेत पासबुक हरवले तर अर्ज करता येतो, ओळख पटवता येते, मॅनेजरला भेटता येते. येथे अर्ज कोणाच्या नावे करणार?

या अवस्थेचे जगभर गाजलेले उदाहरण म्हणजे स्टीफन थॉमस. सॅन फ्रान्सिस्को येथे राहणारा हा प्रोग्रॅमर. २०११ मध्ये बिटकॉइनची माहिती देणारी एक चित्रफीत तयार केल्याबद्दल त्याला ७,००२ बिटकॉइन मिळाले. किल्ल्या त्याने आयर्नकी नावाच्या मजबूत पेनड्राइव्हमध्ये ठेवल्या. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. हा पेनड्राइव्ह फक्त दहा वेळा पासवर्ड टाकू देतो, नंतर आतील मजकूर कायमचा बंद. जानेवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही हकिकत छापली तेव्हा आठ प्रयत्न वाया गेले होते आणि दोन उरले होते. डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनची किंमत प्रथमच एक लाख डॉलरवर गेली. त्या भावाने ही रक्कम ७० कोटी डॉलर होते. मालक जिवंत, माल शाबूत, सर्वांच्या डोळ्यांसमोर. फक्त एका कागदाच्या तुकड्याचा पत्ता नाही.

दुसरे उदाहरण वेल्समधील न्यूपोर्ट शहराच्या जेम्स हॉवेल्सचे. त्याच्याजवळ सुमारे ८,००० बिटकॉइनच्या किल्ल्या असलेली हार्ड डिस्क होती. २०१३ मध्ये घराची साफसफाई करताना ती कचऱ्यात गेली आणि शहराच्या कचरा डेपोत गाडली गेली. त्याने अनेक वर्षे डेपो खोदण्याची परवानगी मागितली. नगरपालिकेने पर्यावरणाचे कारण देऊन ती नाकारली. जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने त्याचा दावा फेटाळला.

ही दोनच माणसे नव्हेत. त्याच वेळी न्यूयॉर्क टाइम्सने चेनॅलिसिस या कंपनीचा अंदाज दिला होता की, तेव्हाच्या १ कोटी ८५ लाख बिटकॉइनपैकी सुमारे २० टक्के हरवलेल्या किंवा अडकून पडलेल्या वॉलेटांत आहेत. ही रक्कम चोरीला गेलेली नाही. ती बहीखात्यात तशीच दिसते आहे, पण तिला हात लावणारा कोणी नाही.

कुलूप कधी उघडते

मग कधीच कोणाचे कुलूप उघडले नाही का? उघडले आहे, पण किल्ली शोधून नव्हे, तर कुलपातला दोष शोधून. युरोपातील एका गृहस्थाने २०१३ मध्ये आपल्या वॉलेटला रोबोफॉर्म या प्रोग्रॅमकडून २० अक्षरांचा पासवर्ड बनवून घेतला होता आणि पासवर्डची फाईल पुढे खराब झाली. आत ४३.६ बिटकॉइन होते. जो ग्रँड हा अमेरिकन तंत्रज्ञ आणि त्याचा जर्मनीतील सहकारी यांनी तपासले तेव्हा आढळले की, त्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती संगणकातील तारीख आणि वेळ यांवरून पासवर्ड बनवीत असे. त्यांनी जुन्या तारखा एकामागून एक लावून पाहिल्या. १५ मे २०१३ या तारखेचा पासवर्ड लागला. ही हकिकत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

येथे नशीब बलवत्तर होते. पण विचार केला तर यात धोकाही आहे. जे कच्चे कुलूप मालकासाठी उघडते ते चोरासाठीही उघडते. काही लोक आपल्या आवडीचा शेर किंवा एखादे प्रसिद्ध वाक्य घेऊन त्यातून किल्ली तयार करीत. पाठ असल्यामुळे विसरण्याची भीती नाही, असा त्यांचा हिशेब. पण जे आपल्याला पाठ आहे ते हजारोंना पाठ आहे. चोरांचे संगणक अशी वाक्ये रात्रंदिवस लावून पाहतात, आणि अशी कितीतरी खाती रिकामी झाली. किल्ली यंत्रालाच निवडू द्यावी.

काही शब्द हरवले असतील तर मात्र आशा असते. बारापैकी एक शब्द वाचता येत नसेल, पण त्याची जागा माहीत असेल, तर यादीतले २०४८ शब्दच लावून पाहायचे. या पद्धतीत तपासणीची एक खूण आत बांधलेली असते, म्हणून त्यातले सुमारे १२८ शब्दच जुळतात. बाराही शब्द आहेत पण क्रम विसरला, तर ४७ कोटी ९० लाखांच्या आसपास क्रम होतात. माणसाला अशक्य, संगणकाला शक्य. पण सगळेच शब्द गेले तर हिशेब थेट ३९ आकडी संख्येवर जातो. मग तो विषयच सोडून द्यावा.

दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवावे काय

साहजिकच कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, एक्स्चेंजवर ठेवावे. तेथे पासवर्ड विसरला तर कागदपत्रे दाखवून नवा मिळतो. हे खरे आहे. पण तेथे किल्ली एक्स्चेंजजवळ असते. तुमच्या नावावर फक्त त्याच्याकडची बाकी असते. आपला माल दुसऱ्याच्या वखारीत ठेवण्यासारखे हे आहे. वखारवाला बुडाला की आपणही बुडालो.

टोकियोतील माउंट गॉक्स हे एक्स्चेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडाले. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचे जाहीर झाले. त्यातले दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. लेणेकऱ्यांना बिटकॉइनमध्ये परतफेड सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडावा लागला. आपल्या मुंबईतील वझीरएक्समधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन चोरीला गेले. त्या वॉलेटला एकाहून अधिक जणांच्या सह्या लागत होत्या, तरीही गेले. ग्राहकांचे नाण्यांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ बंद राहिले.

तिसरे प्रकरण कॅनडाचे, पण त्याचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. क्वाड्रिगा या एक्स्चेंजचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे वारला. किल्ल्या फक्त त्यालाच ठाऊक होत्या, त्या त्याच्याबरोबर गेल्या, असे कंपनीने सांगितले. हजारो ग्राहक हवालदिल झाले. पुढे हिशेब तपासणाऱ्यांनी खाती पाहिली तर ज्या वॉलेटांची किल्ली हरवली म्हणत होते ती मुळात रिकामीच होती. जून २०२० मध्ये ओंटारिओच्या रोखे आयोगाने हा सरळ फसवणुकीचा प्रकार असल्याचे म्हटले. तात्पर्य, किल्ली हरवली हे दुःखही असू शकते आणि बहाणाही.

तोतये कारागीर

आता त्या तरुणाकडे वळू. आमच्याकडे येण्यापूर्वी तो मोबाईलवर मदत शोधीत होता. तेथे त्याला एक "तज्ज्ञ" भेटला. हरवलेले वॉलेट उघडून देतो, पंधरा हजार रुपये आगाऊ आणि आठवतील तितके शब्द लिहून पाठवा, असे त्याचे म्हणणे. आम्ही त्याला एकच गोष्ट विचारली, "तिजोरीवाला कारागीर आला तेव्हा तुझा मोठा भाऊ कुठे होता?" म्हणाला, "तिजोरीजवळच बसून होता, एक मिनिट हलला नाही." मग येथे आपण तिजोरीच उचलून अनोळखी माणसाच्या घरी पाठवतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आले.

बारा शब्द मागणारा माणूस चोर समजावा. तो कंपनीचा माणूस म्हणो, आयकर खात्याचा म्हणो की मदत केंद्राचा. खऱ्या कंपनीला तुमचे शब्द कधीच लागत नाहीत. २०२० मध्ये लेजर कंपनीच्या ग्राहकांची नावे-पत्ते फुटले. त्यानंतर त्या पत्त्यांवर शब्द मागणारी खोटी पत्रे आणि चक्क बनावट यंत्रेही टपालाने गेली.

घरी पुन्हा शोध घेतल्यावर त्या तरुणाच्या आखातातल्या जुन्या डायरीत ते पान सापडले. अकरा शब्द स्वच्छ होते. एक शब्द ओलाव्याने पूर्ण उडाला होता. त्याच्या संगणक शिकलेल्या चुलत भावाने इंटरनेट काढून टाकलेल्या संगणकावर यादीतले शब्द लावून जुळणारे वेगळे काढले आणि ते एक एक तपासले. संध्याकाळपर्यंत खाते सापडले. त्याच रात्री त्याने नवे वॉलेट करून रक्कम तिकडे हलवली, कारण जुने शब्द आता दोघांनी पाहिले होते. ही सावधगिरी त्याला भावानेच सुचवली, हे विशेष.

काय करावे, काय करू नये

जाणकारांशी बोलून जे आम्हाला पटले ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, शब्द कागदावर लिहावेत. नंबर घालून, क्रमाने, ठसठशीत अक्षरांत. आपल्यापैकी पुष्कळांचा हात उर्दूत किंवा मराठीत चालतो, पण हे शब्द वॉलेट जसे दाखवते तसेच, इंग्रजी लिपीत लिहावेत. उच्चारावरून लिहिले तर पुढे कोणता शब्द होता यावरच वाद होईल.

दुसरी गोष्ट, फोटो काढू नये. मोबाईलमधला फोटो आपोआप दुसरीकडे साठवला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की कंपनीने असे चोर प्रोग्रॅम उघडकीस आणले, जे मोबाईलमधले फोटो वाचून त्यात बारा शब्दांची यादी आहे का ते शोधतात. हे प्रोग्रॅम अधिकृत अॅप दुकानांतही शिरले होते. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच शब्द पाठवून ठेवणेही तितकेच धोक्याचे.

तिसरी गोष्ट, दोन प्रती, दोन जागी. एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये किंवा दुसऱ्या गावी विश्वासाच्या घरी सीलबंद. आपल्याकडे पाऊस, वाळवी आणि आग हे कागदाचे तीन दुश्मन. रक्कम मोठी असेल तर स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर अक्षरे ठोकावीत. यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे चार अक्षरे ठोकली तरी पुरे. हे काम येणारे कारागीर आपल्या मोहल्ल्यात आहेत, पण काम त्यांना देऊ नये. हत्यारे उसनी आणावीत आणि दार लावून स्वतः ठोकावे.

चौथी गोष्ट, बारा शब्दांचे दोन तुकडे करून दोन ठिकाणी ठेवणे शहाणपणाचे वाटते, पण एक तुकडा हरवला की सगळेच गेले. त्यापेक्षा भागीदारी पेढीच्या खात्यासारखी व्यवस्था बरी. तीन किल्ल्या, त्यातल्या कोणत्याही दोन लागल्या की व्यवहार होतो. एक हरवली तरी काम अडत नाही, एक चोरीला गेली तरी चोराला उपयोग नाही.

पाचवी गोष्ट, नमुना तपासल्याशिवाय आपण तागा उचलत नाही. तसेच येथे करावे. प्रथम अगदी थोडी रक्कम ठेवावी, वॉलेट पुसून टाकावे आणि लिहिलेल्या शब्दांवरून पुन्हा उघडून पाहावे. उघडले तरच मोठी रक्कम ठेवावी.

सहावी गोष्ट, खरेदीची तारीख आणि भाव वहीत लिहून ठेवावे. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून या चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातला तोटा दुसऱ्या कोणत्याही मिळकतीतून वजा करू देत नाहीत. म्हणजे बुडाले तर सरकारी सवलतीचाही आधार नाही.

वारसांना काय सांगावे

शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. बँकेत वारसाचे नाव लावता येते. स्वतःच्या वॉलेटला नामनिर्देशन नाही. माणूस गेला आणि शब्द कुठे आहेत हे कोणालाच माहीत नसेल, तर विधवेचा, मुलामुलींचा, आईवडिलांचा हिस्सा कागदावर निघेल, हातात येणार नाही. देणे-घेणे लिहून ठेवण्याची सक्त ताकीद आपल्याला आहे. आपण दुकानाची उधारी लिहितो, मग हे का लिहू नये?

शब्द सांगण्याची गरज नाही. एवढेच लिहावे की, अशी मिळकत आहे, अमुक प्रकारच्या वॉलेटमध्ये आहे, शब्दांची चिठ्ठी अमुक जागी आहे आणि ती उघडताना अमुक दोघे हजर असावेत. ही चिठ्ठी घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावी आणि निदान एका जबाबदार माणसाला तिची खबर द्यावी. वर्षाचा हिशेब करताना या चिठ्ठीवरही एक नजर टाकावी. जागा बदलली असेल तर चिठ्ठीही बदलावी.

त्या पेढीच्या थोरल्या मालकांनी किल्ली चोरापासून अशी लपवली की ती घरच्यांनाही सापडली नाही. तरी त्यांचे घर वाचले, कारण कुलूप लोखंडाचे होते. आज त्या तरुणाच्या घरी तिजोरीत एक लिफाफा आहे. त्यात शब्द नाहीत, फक्त शब्द कुठे आहेत ते लिहिले आहे. तिजोरीच्या आता दोन किल्ल्या आहेत आणि दुसरी किल्ली त्याच्या आईजवळ असते.